पॉमरेलच्या भिंतीवरची गाडी

१

पडदा ओढला गेला आणि ओदिल पॉमरेलला तिचीच गाडी दिसली, दुसऱ्याच्या नावाच्या पाटीखाली.

ग्रां पॅलेच्या काचेच्या घुमटाखाली मोटारींचं प्रदर्शन नुकतंच उघडलं होतं. चौतीस सालचा ऑक्टोबर. समोरच्या गाळ्यात ओक्ताव्ह ब्रिसाकची नवी दोन दारांची कूपे उभी होती. तिचं नाक, तिची दारं आणि पाण्याच्या थेंबासारखी निमुळती होत गेलेली तिची शेपटी, सगळं ओदिलच्या ओळखीचं. तिच्याच गाळ्यात, तिच्या पाठीशी, अगदी तशीच एक गाडी होती. लेव्हालुआच्या तिच्या कारखान्यात उन्हाळाभर ती घडत होती. माणसं एकदा इकडे बघत होती, एकदा तिकडे, आणि मग हातातल्या पत्रकामागे हसत होती.

ब्रिसाक स्वतः गाळ्याच्या दोरीपाशी आला. टोपी काढून वाकला.

"मादाम पॉमरेल, नक्कल करायचीच होती तर माझी चंदेरी पट्टी तरी घ्यायची होती. तिच्याशिवाय तुमची गाडी मुंडावळ्या काढलेल्या नवरीसारखी दिसते."

आजूबाजूचे हसले. ब्रिसाकच्या गाडीच्या कुशीवरून खरोखरच एक चंदेरी पट्टी गेली होती. दारापाशी फुगून शेपटीकडे हळूच उतरणारी. जाणकार तिचंच कौतुक करत होते.

 मोठ्यानं बोलणं ओदिलच्या स्वभावात नव्हतं. ती गाळ्यात मागे गेली. तिथे तिचा आरेखक अंसेल्म कुर्तियाल भिंतीला टेकून उभा होता. नवऱ्याच्या वेळेपासूनचा माणूस. पॉमरेलच्या प्रत्येक गाडीची पहिली रेघ त्याच्या हातची.

"किल्ली," ती म्हणाली.

अंसेल्मने तिच्याकडे पाहिलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून आरेखनाच्या खोलीची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"शनिवारी बॉडीवाल्यांच्या मंडळाची बैठक आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचं धंद्याचं कार्ड मी रद्द करायला लावीन. या धंद्यात तुम्हाला कोणी पेन्सिलसुद्धा धरू देणार नाही."

त्याने टोपी घातली. "बरं," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

२

गाड्यांच्या बॉडी घडवणाऱ्यांच्या त्या मंडळाने चौकशीला माणूस धाडला तो थेओफिल कासग्रां. लंगडत चालणारा, काळ्या गोळ्या चघळणारा आणि समोरच्याला न विचारता खुर्ची ओढून बसणारा.

"आरोप तुमचा," तो म्हणाला. "पुरावा सांगा."

ओदिलच्या शेजारी तिचा भाऊ एक्तोर बसला होता. विक्रीचं सगळं तोच पाही. उंची सूट, गोड जीभ. आई गेल्यावर ओदिलनेच त्याला वाढवलं होतं.

"पुरावा छताचा," ओदिल म्हणाली. "आमच्याकडे गाडी आधी काळ्या भिंतीवर खडूने काढतात, खऱ्या मापाची. गिऱ्हाइकाने होकार देईपर्यंत खोलीला कुलूप. आत फक्त आरेखक आणि मी. ही गाडी मादाम द केरगोएंची. त्या उंच आहेत आणि टोपी काढत नाहीत. भिंतीपाशी खुर्ची ठेवून बसल्या तर टोपी छताच्या रेघेबाहेर गेली. अंसेल्मने त्यांच्यासमोरच छत उचललं. खोली सगळ्यांना उघडली ती त्यानंतर. मग सुतार आले, पत्रेवाले आले. त्यांनी पाहिलं ते उंच छत."

"आणि ब्रिसाकच्या गाडीचं छत?"

"बुटकं. पहिल्या रेघेचं."

कासग्रांच्या गालातली गोळी या बाजूची त्या बाजूला गेली. "म्हणजे चोरी झाली ती छत उचलण्याआधी. तेव्हा आत जाणारी माणसं दोन. त्यातल्या एक तुम्ही."

"स्वतःच्या घराला मी कशाला आग लावू?"

"तसं लोक लावतात. आरेखक काय म्हणतो?"

"काही नाही," एक्तोर मध्येच म्हणाला. "चोराला बोलायचं असतं काय? खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस. सगळं नेलं त्याने, मस्यू कासग्रां. ती पट्टीसुद्धा. ती आपल्याच भिंतीवर होती, मागाहून त्यानेच गाळली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता."

कासग्रांचं चघळणं थांबलं.  तो उठून भिंतीवरच्या फोटोंपुढे उभा राहिला. ब्वा द बुलोन्यच्या बागेतल्या मोटारींच्या सौंदर्यस्पर्धांचे फोटो होते ते. गाड्या, आणि गाडीला शोभतील असे झगे घातलेल्या बायका.

"ही काळी गाडी देखणी आहे."

"लाल होती ती," ओदिल म्हणाली. "गर्द लाल. झगाही लाल. एक्तोरच्या कॅमेऱ्यात लाल रंग काळाच उतरतो. लाल टिपणाऱ्या फोटोच्या प्लेटा महाग पडतात म्हणून हा जुन्या प्रकारच्याच वापरतो."

"असं होय," कासग्रां म्हणाला आणि दाराकडे वळला. "पत्रे कोण ठोकतं तुमच्याकडे? जो आरेखकाशी भांडतो असं सगळं लेव्हालुआ सांगतं, तो?"

३

बातिस्ता रोव्हेरे इटलीतल्या पिएमॉन्तचा. त्याचे हात फावड्याएवढे आणि तोंड त्याहून मोठं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तो लाकडी हातोडी चालवत होता. तिघं समोर येऊन उभे राहिले तरी थांबला नाही.

"कुर्तियालशी तुझं वैर होतं?" कासग्रांनी विचारलं.

"होतं नाही, आहे. तो भिंतीवर असे बाक काढतो की पत्रा रडतो. मी त्याला सांगतो, देवाने पत्र्याला एवढंच वाकायला सांगितलंय. तो म्हणतो, देवाला विचारून ये."

"मग त्याने चोरी केली असं ऐकून बरं वाटलं असेल."

हातोडी थांबली. "सिन्योर, मला तो माणूस आवडत नाही. म्हणून तो चोर होत नाही. मला तुम्हीही आवडत नाही."

"तुझ्याकडे कॅमेरा आहे म्हणे," एक्तोर मागून म्हणाला.

बातिस्ताने त्याच्याकडे पाहिलं. "आहे. आईला नातवंडांचे फोटो पाठवतो. तुला कोणी सांगितलं?"

"कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. परदेशी माणूस, कॅमेरा, आणि सीमेपलीकडे पाकिटं. मी आपला बोललो."

"तू नेहमी आपला बोलतोस," बातिस्ता म्हणाला. "काम आम्ही करतो."

ओदिलने दोघांना गप्प केलं. परदेशी कामगारावर नुसता संशय आला तरी त्याचा परवाना जाई आणि बायकामुलांसह त्याला सीमेपार घालवत. एक्तोरला ते पक्कं ठाऊक होतं. आणि फोटोबद्दल तर कासग्रांनी अजून अवाक्षरही काढलं नव्हतं. मग याला कॅमेऱ्याची आठवण कुठून झाली?

४

दुसऱ्या दिवशी चर्चमधली सकाळची मिसा आटोपून ओदिल थेट ग्रां पॅलेला गेली. प्रदर्शन उघडायचं होतं, पण गाळेवाल्यांना आत सोडत. ब्रिसाकच्या गाडीसमोर ती एकटीच उभी राहिली. राग आता थोडा खाली बसला होता आणि डोळे नीट पाहू लागले होते.

ती त्या चंदेरी पट्टीकडे पाहत होती. दारापाशी फुगलेली, शेपटीकडे उतरलेली. ही रेघ तिने कुठेतरी पाहिली होती. गाडीच्या कुशीवर नव्हे. तिने हवेत बोट फिरवलं, आणि ते अर्ध्या वाटेत थांबलं.

पॉमरेलची आरेखनाची खोली म्हणजे जुना तबेला. भिंत एकच आणि तीही आखूड. दुसऱ्या कारखान्यांत गाडीचं बाजूचं चित्र एका फळ्यावर आणि वरून दिसणारं दुसऱ्या फळ्यावर काढत. तिच्या नवऱ्याने जागेअभावी दोन्ही एकमेकांवर काढायची रीत पाडली होती. बाजूचं चित्र पांढऱ्या खडूने, वरून दिसणारं निळ्या खडूने. दुरुस्ती गर्द लाल खडूने. आणि लाकूड कापून होईपर्यंत जुनी रेघ पुसायची नाही.

ही पट्टी म्हणजे ती निळी रेघ होती. गाडी किती रुंद, ते सांगणारी. ब्रिसाकच्या माणसांनी तिला नक्षी समजून चांदीने मढवलं होतं.

अंसेल्मने चित्र विकलं असतं तर हे घडलं असतं का? स्वतःच्या हाताने काढून देताना त्याने निळी रेघ कुशीवर ठेवलीच नसती. बातिस्तानेही नाही. सुतारांच्या पोरांनाही हे रंग कळत.

मागून लंगडं पाऊल वाजलं.

"तुम्हालाही दिसलं तर," कासग्रां म्हणाला. "चला तुमच्या खोलीत. भावाचा कॅमेरा आणवा. भावाला मात्र आणू नका."

५

कुलूप उघडून ती आत गेली. भिंत धुऊन केव्हाच काळी करून ठेवली होती. कासग्रांच्या सांगण्यावरून तिने तिन्ही खडू घेतले आणि तीन रेघा मारल्या. पांढरी, निळी, लाल. एक्तोरच्या कॅमेऱ्याने, त्याच्याच प्लेटेवर, कासग्रांनी त्या टिपल्या आणि प्लेट कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे नेली.

परतला तेव्हा ओली प्रत त्याने तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

प्रतीवर दोनच रेघा होत्या. दोन्ही सारख्याच पांढऱ्या. कुठली निळी होती ते सांगता येत नव्हतं. लाल रेघ काळ्या भिंतीत बुडून गेली होती, जणू ती कधी मारलीच नव्हती.

"ब्रिसाकच्या आरेखकाला एवढंच मिळालं," कासग्रां म्हणाला. "त्याला वाटलं, पट्टी आहे, लावली. छत उचललेलं त्याला कुठून दिसणार? ते लालने उचललं होतं. म्हणजे मादाम, बुटक्या छतामुळे चोरी आधी झाली असं तुम्ही धरून चाललात, ते चूक. चोरी नंतर झाली. खोली उघडल्यावर. कॅमेऱ्याने."

ओदिल खुर्चीवर बसली. भर प्रदर्शनात तिने ज्याच्याकडून किल्ली घेतली होती, त्याचा चेहरा तिला आठवला.

"कॅमेरे दोघांकडे," कासग्रां पुढे म्हणाला. "तुमच्या इटालियनाकडे आणि तुमच्या भावाकडे. इटालियनाने ते उंच छत स्वतः ठोकलंय. प्रतीत आपलंच छत नाही हे त्याला पहिल्या नजरेत कळलं असतं. ब्रिसाकला फोटो विकणाऱ्याला काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही. तो या भिंतीसमोर वर्षानुवर्षं उभा राहिला आणि ती वाचायला कधी शिकला नाही. शिवाय पट्टी भिंतीवर होती असं तोच छातीठोक सांगतो. भिंतीवर पट्टी नव्हती, मादाम. पट्टी फक्त फोटोत होती."

"पुरे," ती म्हणाली.

"मला पुरे आहे, मंडळाला नाही. ते म्हणतील, विक्रीवाल्याला रेघांतलं काय कळतं, बोलताना चुकला. त्यांना साक्षीदार लागेल. या खोलीत कॅमेरा घेऊन कोण आलं होतं? कोणी पाहिलं?"

 ओदिलने पाहिलं होतं.

छत उचललं त्याच दिवशी एक्तोर तिवईसकट कॅमेरा घेऊन आला होता. मादाम द केरगोएंचा भिंतीसमोर फोटो काढायचा होता. बाईंची दाढ सुजली होती, त्यांनी साफ नकार दिला. मग सगळे दिवाणखान्यात वाइन घ्यायला गेले. एक्तोर म्हणाला होता, तुम्ही व्हा पुढे, मी सामान आवरून आलो. त्याला यायला बराच वेळ लागला होता. मादाम द केरगोए आता अर्जेंटिनात. अंसेल्मवर तर आरोपच होता. बाकी पाहणारी एकटी ओदिल.

"साक्षीदार नाही मिळाला तर?" तिने विचारलं.

"तर तुमची तक्रार आहे तशीच उभी राहील. कुर्तियालचं कार्ड जाईल. तो तोंड उघडत नाही, आणि गप्प बसणाऱ्याला मंडळ दोषीच धरतं."

६

संध्याकाळी एक्तोर तिच्या टेबलापाशी उभा होता. त्याने ओली प्रत उचलून पाहिली, परत ठेवली आणि खिडकीकडे गेला.

"बोल," ओदिल म्हणाली.

"काय बोलू? तुला सगळं कळलंय."

"का केलंस?"

"पाटी रंगवायला टाकली होतीस तू. पॉमरेल आणि कुर्तियाल. रंगाऱ्याकडून कळलं मला. रंगाऱ्याकडून, ओदिल. एवढी वर्षं मी गिऱ्हाइकांच्या बायकांच्या कुत्र्यांना मांडीवर घेऊन बसलो, आणि पाटीवर नाव त्या खडूवाल्याचं."

"त्याने गाड्या घडवल्या."

"मी विकल्या. ब्रिसाकला ते कळतं. पुढल्या वर्षी त्याच्या दारावर माझं नाव लागेल."

"आणि बातिस्ता? त्याच्या मुलांना सीमेपार घालवायला निघाला होतास."

एक्तोरने खांदे उडवले. "नाव काढलं नुसतं. तुझा तो लंगडा दुसरीकडे बघेल म्हणून." तो वळला, आणि त्याचा आवाज मऊ झाला. गिऱ्हाइकाशी बोलताना व्हायचा तसा. "हे बघ. त्या दिवशी खोलीत कोण होतं ते तुला माहीत आणि मला. तू बोलली नाहीस तर कोणी बोलणार नाही. तो अंसेल्मही नाही. त्याच्या मानी स्वभावाला ते झेपणार नाही. कार्ड गेलं तर लागेल कुठेतरी कपाटं बनवायला. मी तुझा भाऊ आहे. आईला शेवटी तू काय कबूल केलं होतंस?"

"तुला सांभाळीन म्हणून."

"मग सांभाळ."

ओदिलने प्रत घडी घालून पिशवीत ठेवली. 

"तेच चुकलं," ती म्हणाली. "मी सांभाळत राहिले. तू बूट काढ म्हणजे मी उचलते, तू ग्लास फोड म्हणजे मी झाडते. आता दुसऱ्याचं घर फोडलंस. ते मला झाडता येणार नाही."

"म्हणजे तू मला विकणार."

"तू केव्हाच स्वतःला विकून झालास. मी फक्त कोणाला ते सांगणार."

तो तिच्या अगदी जवळ आला. ती जागची हलली नाही. मग त्याने हातमोजे घेतले आणि दार उघडंच ठेवून निघून गेला.

७

शनिवारी मंडळाच्या लांब टेबलाशी म्हातारे बॉडीवाले ओळीने बसले होते. अंसेल्म कुर्तियाल शेवटच्या खुर्चीवर, टोपी गुडघ्यावर. त्याचं कार्ड अध्यक्षांपुढे होतं. पलीकडच्या भिंतीशी ब्रिसाक त्याच्या वकिलाशी कुजबुजत होता.

ओदिल उभी राहिली. आधी तिने तक्रार मागे घेतली. मग लाल रेघेचं, निळ्या रेघेचं आणि फोटोचं सांगितलं, जसं समजलं होतं तसं, काही न वाढवता. खोलीत खुर्च्या करकरल्या. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "फोटो कोणी काढला हे तुम्ही शपथेवर सांगाल?"

"माझ्या भावाने. एक्तोर लाशेनेने. कॅमेरा घेऊन त्याला त्या खोलीत मी एकटं सोडलं. मी स्वतः."

ब्रिसाकच्या वकिलाने कागद गोळा करायला सुरुवात केली. ब्रिसाक म्हणाला, मला कोणीतरी काहीतरी विकलं, मी घेतलं, माझं काय चुकलं. एक म्हातारा त्याला म्हणाला, "पट्टी काढून टाका हो आधी, लाज वाटते." यावेळी हसणारे ब्रिसाकला हसले.

अध्यक्षांनी कार्ड टेबलावरून सरकवलं. अंसेल्मने ते उचलून खिशात घातलं आणि बाहेर पडला. ओदिल जिन्यापर्यंत त्याच्यामागे गेली.

"मस्यू कुर्तियाल. मी माफी मागते."

तो पायरीवर थांबला, वळला नाही.

"तुम्ही एक शब्द बोलला असतात तर," ती म्हणाली. "निळ्या रेघेचं तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं असेल."

"दिसलं होतं."

"मग का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नव्हतंत, मादाम. तुम्ही किल्ली मागितलीत." त्याने टोपी घातली. "केरगोएबाईंच्या गाडीची मागची काच अजून नीट बसलेली नाही. तो इटालियन ती वाकडी बसवेल. सोमवारी येतो. गाडीसाठी येतो. तुमच्याशी मी बोलणार नाही."

सोमवारी तो आला. कारखान्यात सकाळी कामाला लागण्याआधी प्रत्येकाने प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, मग हातोडी उचलायची, अशी रीत. अंसेल्मने सुतारांचे हात हातात घेतले, रंगाऱ्यांचे घेतले. बातिस्ताने त्याचा हात इतका आवळला की त्याला शिवी द्यावी लागली, आणि ती शिवी ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. ओळीच्या शेवटी ओदिल उभी होती. तिने हात पुढे केला. अंसेल्मने आपला हात खिशात घातला आणि तिच्या बाजूने आत गेला. सगळ्यांनी पाहिलं. मग हातोड्या उचलल्या गेल्या.

मंगळवारी ती पुन्हा ओळीच्या शेवटी येऊन उभी राहिली आणि तो समोर आला तेव्हा तिने हात पुढे केला. बुधवारीही.